छापील वेग आणि पदरीं पडणारा वेग

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतून एक तरी संगणक असतोच, आणि एकत्र कुटुंबांत तो बहुधा साऱ्या घराचा मिळून असतो. सकाळीं घरांतील कर्ते पुरुष त्यावर बँकेचे हिशेब पाहतात, दुपारीं सूनबाई आपल्या कचेरीचें काम उरकितात, सायंकाळीं मुलें अभ्यासाच्या निमित्तानें खेळ खेळतात, आणि रात्रीं आजोबा कुलवृत्तान्ताचीं पानें टाइप करितात. अशा संगणकास नवी मेमरी, म्हणजे बाजारच्या भाषेंत रॅम, घेण्याचा प्रसंग आला म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘अधिक वेगाची घ्या’. दुसरा म्हणतो, ‘चाललें आहे तें बिघडवूं नका.’ अखेर पहिल्या पक्षाची सरशी होते आणि वेष्टनावर ३२०० अथवा ६००० असा ठळक आंकडा छापलेली पट्ट्यांची जोडी घरीं येते. चार दिवसांनीं घरांतील एखादें चौकस मूल संगणकालाच त्याचा वेग विचारतें, आणि पडद्यावर ६००० च्या ठिकाणीं ४८००, किंवा ३२०० च्या ठिकाणीं २१३३ असें उत्तर येतें. मग ‘दुकानदारानें फसविलें’ असा एकच गलका होतो.

हा गलका अगदींच अकारण नाहीं. पैसे तर मोजलेले असतात. त्यांतून सन २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमच्या किंमती जगभर भराभर चढल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं उभारलेल्या प्रचंड संगणकगृहांनीं मागणी वाढविली हें त्याचें एक मोठें कारण. अशा महागाईंत घेतलेल्या वस्तूचा एक तृतीयांश वेग वेष्टनावरच राहावा, हें कोणत्याही गृहस्थास रुचणार नाहीं. तथापि आम्हांस सांगावयाचें तें हें कीं, अशा बहुतेक प्रसंगीं दुकानदारानें फसविलेलें नसतें आणि पट्टीही सदोष नसते. छापील वेग हा मागितल्याखेरीज न मिळणारा वेग आहे. तो मागून घेणें हा ग्राहकाचा अधिकार, आणि त्यास पांच मिनिटें पुरतात. परंतु मागून घेतलेला वेग पारखून घेणें हें ग्राहकाचें कर्तव्य, आणि त्यास एक रात्र लागते. पहिली गोष्ट घरांतील मुलें सांगतात. दुसरी सहसा कोणी सांगत नाहीं. म्हणून प्रस्तुत लेखांत दोहोंचाही विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम रॅम काम कशी करिते हें थोडक्यांत पाहूं. अमेरिकेंतील आयबीएम कंपनीचे संशोधक रॉबर्ट डेनार्ड यांस १९६६ सालीं जी युक्ति सुचली आणि जिचें पेटंट त्यांस १९६८ सालीं मिळालें, तीच आजच्या प्रत्येक पट्टींत आहे. विजेचा एक अतिसूक्ष्म घट आणि त्याच्या तोंडाशीं ट्रान्झिस्टरचें झांकण, अशी एकेक कोठडी. घट भरलेला असला तर एक, रिता असला तर शून्य. हा घट मात्र गळका आहे. म्हणून तो पुरता रिता होण्यापूर्वीं वाचून पुन्हां भरावा लागतो. सामान्यतः दर ६४ सहस्रांश सेकंदांच्या आंत प्रत्येक कोठडीची अशी एक आवृत्ति होते. पाठशाळेंतील विद्यार्थ्यानें आवृत्ति सोडली कीं अध्याय विसरतो, तद्वत्. वीज गेली म्हणजे रॅममधील सर्व कांहीं पुसलें जातें तें याच कारणानें.

आतां वेगाच्या आंकड्याकडे वळूं. ओटीवरील झोपाळा डोळ्यांसमोर आणावा. झोपाळ्यावर बसलेल्या मुलीनें दर झोक्यास एकदांच एक वस्तु समोरच्याच्या हातीं द्यावी, अशी जुनी पद्धति होती. पुढें, झोका जातांना एक आणि येतांना एक, अशा दोन वस्तु देण्याची पद्धति निघाली. तिलाच ‘डबल डेटा रेट’ अथवा डीडीआर म्हणतात. तिचे प्रमाणित नियम प्रथम २००० सालीं प्रसिद्ध झाले. डीडीआर४ चे २०१२ सालीं आणि डीडीआर५ चे २०२० सालीं. वेष्टनावरील ३२०० हा आंकडा देवघेवींचा आहे. म्हणजे सेकंदास ३२०० दशलक्ष देवघेवी. झोके त्याच्या निम्मे, म्हणजे १६०० दशलक्ष. कांहीं प्रोग्राम देवघेवी मोजतात, तर कांहीं झोके मोजून १६०० मेगाहर्ट्झ असें दाखवितात. तेव्हां पडद्यावर बरोबर निम्मा आंकडा दिसला तर प्रथम त्यास दोहोंनीं गुणावें, आणि मग भांडण्यासारखें कांहीं उरलेंच तर भांडावें.

दर देवघेवींत एका मार्गानें ८ बाइट जातात. अर्थात् ३२०० वेगाच्या पट्टीकडून सेकंदास २५,६०० मेगाबाइट मिळूं शकतात. म्हणूनच तिच्यावर कधीं कधीं ‘पीसी४-२५६००’ असेंही छापलेलें आढळतें. तीच पट्टी २१३३ वर चालली तर हा आंकडा १७,००० च्या आसपास येतो. गलका होतो तो या फरकापायीं.

मग संगणक आपण होऊन पूर्ण वेग कां घेत नाहीं? याचें उत्तर पट्टीच्या जन्मपत्रिकेंत आहे. प्रत्येक पट्टीवर मुख्य चिपांखेरीज एक इवलीशी चिप असते. डीडीआर४ मध्यें तिची धारणा ५१२ बाइट, डीडीआर५ मध्यें १०२४ बाइट. पट्टी किती क्षमतेची, कोणत्या वेगास कोणतें कालमान पाळणारी, हें सारें तींत नोंदलेलें असतें. संगणक सुरू होतांच मदरबोर्ड ही पत्रिका वाचतो. तींत नोंदी दोन प्रकारच्या असतात. पहिल्या नोंदी जेडेक नामक मंडळाच्या नियमांबरहुकूम. हें मंडळ अमेरिकेंत १९५८ सालीं स्थापन झालें आणि जगांतील चिपा करणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या त्याचे नियम पाळतात. या नियमांनीं ठरविलेला वेग कोणत्याही चांगल्या मदरबोर्डावर, नेमून दिलेल्या दाबावर, म्हणजे डीडीआर४ साठीं १.२ व्होल्ट आणि डीडीआर५ साठीं १.१ व्होल्ट इतक्यावर, मिळालाच पाहिजे. दुसऱ्या नोंदी पट्टी करणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या. ‘आमची पट्टी १.३५ व्होल्ट द्याल तर ६००० नें धांवेल’ अशा स्वरूपाची ती ग्वाही असते. या दुसऱ्या नोंदी लिहिण्याची एक रीत इंटेल कंपनीनें २००७ सालीं घालून दिली. तिचें नांव एक्सएमपी. एएमडी कंपनीनें २०२२ सालीं आपली निराळी रीत काढिली. तिचें नांव एक्स्पो.

आतां पाहा, संगणक सुरू होतो त्या क्षणीं प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हीं तीन निरनिराळ्या घरचीं माणसें प्रथमच एकमेकांस भेटत असतात. अशा वेळीं मदरबोर्ड शहाण्या यजमानाप्रमाणें सर्वांस झेपेल तीच चाल धरितो, म्हणजे पहिल्या नोंदींतील वेग घेतो. अधिक दाबाचा, अधिक वेगाचा मार्ग घरच्या मालकानें सांगितल्यावांचून तो धरीत नाहीं. यांत लबाडी नसून सावधपणा आहे. येथें एक अपवाद सांगितला पाहिजे. ३२०० छापलेल्या कांहीं साध्या पट्ट्या जेडेकच्या नियमांनींच, १.२ व्होल्टवर, त्या वेगानें चालतात. प्रोसेसर व मदरबोर्ड तो वेग घेणारे असले तर त्यांच्या बाबतींत मागण्यासारखें कांहींच नसतें. घेतांनाच वेष्टनावर एक्सएमपी किंवा एक्स्पो असा उल्लेख आहे कीं नाहीं हें पाहिलें म्हणजे उलगडा होतो.

वेष्टनावर आणखी एक आंकडा असतो, त्याकडे आमचे वाचक बहुधा दुर्लक्ष करितात. तो ‘सीएल’ या अक्षरांपुढें छापलेला असतो. मागणी केल्यापासून पहिली वस्तु हातीं येईपर्यंत किती झोके जावे लागतात, हें तो सांगतो. ३२०० वेगाची सीएल १६ ची पट्टी घ्या. झोके सेकंदास १६०० दशलक्ष, त्यांतील १६ झोके, म्हणजे १० अब्जांश सेकंद. तीच पट्टी २१३३ वर सीएल १५ नें चालली तर १५ हा आंकडा लहान दिसतो खरा, पण झोकेच मंद असल्यानें थांबावें लागतें १४ अब्जांश सेकंद. तसेंच ४८०० वर सीएल ४० म्हणजे १६.७ अब्जांश सेकंद. ६००० वर सीएल ३० म्हणजे पुन्हां १०. तात्पर्य, सीएलचा आंकडा वेगापासून तोडून वाचूं नये. आणि दुसरें असें कीं, कंपनीची नोंद म्हणजे वेग, कालमान आणि दाब या तिहींचा मिळून एक जुळलेला संच आहे. त्यांतील ६००० एवढाच आंकडा उचलून हातानें भरणें म्हणजे श्लोकाचा एक चरण पाठ करून श्लोक आला म्हणण्यासारखें होय.

वेग मागून घेण्याची कृति अशी. प्रथम संगणक बंद करून, वीज तोडून, पट्ट्या योग्य खांचांत बसल्या आहेत कीं नाहींत हें पाहावें. चार खांचांच्या मदरबोर्डावर दोन पट्ट्या असतील तर त्या बहुधा प्रोसेसरपासून मोजतां दुसऱ्या व चौथ्या खांचेंत असाव्या लागतात. मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत याची आकृति असते. शेजारशेजारच्या खांचांत बसविल्यानें पुष्कळदां दोन मार्गांऐवजीं एकच मार्ग चालू राहतो आणि निम्मी वाहतूक बंद पडते. हें नुकसान ६००० च्या ठिकाणीं ४८०० मिळण्याहून कितीतरी मोठें आहे, आणि तें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

नंतर संगणक सुरू करतांच डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबीत राहावें, म्हणजे बायॉस नांवाचा पडदा उघडतो. बहुतेक मदरबोर्डांवर पहिल्याच पानावर एक्सएमपी, एक्स्पो किंवा क्वचित् डीओसीपी असें लिहिलेलें सांपडतें. त्यापुढें ‘प्रोफाइल १’ निवडावें, बाकी कशासही हात लावूं नये, आणि एफ-१० ही कळ दाबून बदल कायम करावा. यानंतर संगणक पुन्हां सुरू होतांना पडदा कांहीं वेळ काळाच राहील. विशेषतः डीडीआर५ च्या कांहीं संगणकांत प्रथमच्या वेळीं हा काळोख मिनिटा-दोन मिनिटांचा, क्वचित् त्याहूनही अधिक असतो. त्या अवधींत मदरबोर्ड आणि रॅम परस्परांचें कालमान जुळवून घेत असतात. गवई मैफलीपूर्वीं तंबोरा लावीत असतां श्रोत्यांनीं उठून जाऊं नये. त्याचप्रमाणें येथें घाबरून वीज तोडूं नये.

संगणक मुळींच सुरू न झाला तरीही भिण्याचें कारण नाहीं. बहुतेक मदरबोर्ड दोन-तीन वेळां प्रयत्न करून आपण होऊन पहिल्या सावध वेगावर परत येतात. न आल्यास वीज तोडून मदरबोर्डावरील वाटोळा सेल कांहीं मिनिटें काढून ठेवावा, किंवा पुस्तिकेंत दाखविलेल्या दोन खुंट्या क्षणभर जोडाव्या. म्हणजे बायॉस मूळ स्थितीवर येतो. बायॉसची नवी आवृत्ति घेतल्यानेंही पुष्कळदां अडचण दूर होते. मात्र ती घेतांना मध्येंच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होण्याचा संभव असतो; म्हणून यूपीएस नसलेल्या घरांनीं आणि वीज जाण्या-येण्याचा नेम नसलेल्या गांवांनीं हें काम विचार करूनच हातीं घ्यावें.

येथवर वेग मागण्याचें झालें. आतां ही मागणी कोणाच्या जबाबदारीवर आपण करीत असतों हें पाहणें अवश्य आहे. पट्टी करणारा म्हणतो, माझी पट्टी ६००० नें चालते. मदरबोर्ड करणारा आपण तपासलेल्या पट्ट्यांची यादी प्रसिद्ध करितो. तींत नसलेल्या पट्टीविषयीं तो कांहीं बोलत नाहीं. प्रोसेसर करणारा आपला आंकडा निराळाच सांगतो. उदाहरणार्थ, एएमडीच्या रायझन ७००० मालेंतील प्रोसेसरांसाठीं कंपनीनें दिलेली मर्यादा दोन पट्ट्यांस ५२०० आणि चार पट्ट्यांस अवघी ३६०० अशी आहे. त्यापुढें जाणें हें ‘ओव्हरक्लॉकिंग’ समजलें जातें, आणि त्यामुळें प्रोसेसरची हमी जाऊं शकते, असें इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्या बारीक अक्षरांत सांगतात. म्हणजे एक्सएमपी आणि एक्स्पो या पायवाटा ज्यांनीं बांधिल्या, तेच त्या वाटेच्या तोंडाशीं ‘पुढें जाणें तें आपल्या जोखमीवर’ अशी पाटीही लावून ठेवितात. वास्तविक लक्षावधि लोक या पायवाटेनें सुखरूप जातात; तथापि पाटी वाचूनच जावें.

छापील आंकडा आणि मिळणारा आंकडा यांतील हें अंतर परदेशांतील ग्राहकांसही खुपलें आहे. अमेरिकेंत ग्राहकांनीं एका नामांकित रॅम-कंपनीवर याच कारणास्तव दावा लाविला. वेष्टनावरील वेग सेटिंग बदलल्यावांचून मिळत नाहीं, आणि हें नीट सांगितलें नव्हतें, असें त्यांचें म्हणणें. सन २०२५ मध्यें त्या प्रकरणीं ५५ लाख डॉलरची तडजोड ठरली. आमच्या मतें वेष्टनावर ‘इतका वेग अमुक सेटिंग केल्यास’ एवढे चार शब्द मोठ्या अक्षरांत छापले तर निम्मे तंटे मिटतील. तोंपर्यंत ते चार शब्द ग्राहकानेंच मनांत वाचले पाहिजेत.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. मागितलेला वेग मिळाला, पडद्यावर ६००० दिसूं लागले, घरांत आनंदीआनंद झाला. पण वेग दिसणें ही एक गोष्ट, आणि त्या वेगानें बिनचूक काम होणें ही दुसरी. स्मृतीचा धर्म शीघ्रता नव्हे. ठेविलें तेंच परत देणें हा आहे. रॅमला तिच्या, मदरबोर्डाच्या किंवा प्रोसेसरच्या सोसण्यापलीकडे पळविलें तर ती दर खेपेस बंद पडत नाहीं. बंद पडेल तर बरें, कारण मग दोष उघड होतो. पुष्कळदां ती एखाद्या एकाचें शून्य करून निमूटपणें पुढें चालते. तो बदल खेळांतील चित्राच्या एका ठिपक्यांत झाला तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पण तोच मुंजीच्या फोटोंची प्रत करतांना झाला तर चित्रावर रंगीत पट्टा उमटतो. जमाखर्चाच्या फाइलींत झाला तर ती उघडत नाहीं. आणि सर्वांत वाईट म्हणजे बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीच्या जागीं साठविली जाते. सहा महिन्यांनीं आजोबा कुलवृत्तान्त उघडूं जातात तेव्हां त्यास वेग कारण झाला, अशी शंका कोणाच्या मनांतही येत नाहीं.

आपल्या पूर्वजांस या संकटाची पूर्ण जाणीव होती. वेदांचें रक्षण केवळ मुखानें करावयाचें, तेव्हां एक अक्षर हललें तरी तें कळलें पाहिजे, म्हणून त्यांनीं संहितेबरोबर पदपाठ रचिला. मग क्रम, जटा, घन इत्यादि पाठ योजिले. क्रमांत पहिलें पद दुसऱ्याशीं, दुसरें तिसऱ्याशीं असें जोडून म्हणावयाचें. जटेंत तीच जोडी सुलट, उलट, पुन्हां सुलट. घनांत त्याहूनही गुंतागुंत. एकाच पदाचा उच्चार इतक्या ठिकाणीं होतो कीं, एका ठिकाणीं चूक झाली तर दुसरें ठिकाण तिची चुगली करितें. जें अधिक म्हणावें लागतें तें वायफळ नव्हे. ती राखण आहे. बेल प्रयोगशाळेंतील रिचर्ड हॅमिंग यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेली चूक दुरुस्त करण्याची रीत या तत्त्वाशीं नातें सांगणारी आहे. तिच्या आधारानें केलेल्या ईसीसी नामक रॅममध्यें सामान्यतः दर ६४ अंकांमागें ८ राखणदार अंक अधिक ठेवितात. एक अंक चुकला तर तो सुधारतां येतो आणि दोन चुकले तर निदान कळतें. बँका, रुग्णालयें व संशोधनसंस्था येथील मोठ्या संगणकांत अशी रॅम असते.

घरगुती संगणकांतील साध्या रॅमला हे राखणदार नसतात. डीडीआर५ मध्यें प्रत्येक चिपेच्या पोटांत चूक सुधारण्याची लहानशी व्यवस्था आहे खरी. परंतु ती चिपेच्या पोटापुरतीच. चिपेपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर, म्हणजे फाजील वेगानें घोटाळा होण्याचा संभव जेथें विशेष तेथें, तिचा उपयोग नाहीं. ‘आतांच्या रॅममध्यें ईसीसी असतेच’ असें कोणी दुकानदार म्हणाला तर हा भेद ध्यानांत ठेवावा. यंत्रांत राखणदार नसेल तर एक रात्र आपण राखण करावी, इतकाच याचा अर्थ.

ती राखण अशी. मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम फुकट मिळतो. तो पेनड्राइव्हवर घालून संगणक त्यावरून सुरू करावा. तो रॅमच्या प्रत्येक कोठडींत ठराविक नमुने लिहितो आणि परत वाचून ताडून पाहतो, जणूं गुरुजी शिष्याकडून संथा म्हणवून घेत आहेत. रात्रीं निजतांना लावावा आणि सकाळीं पाहावा. निदान तीन-चार फेऱ्या पुऱ्या झाल्या पाहिजेत. चुकांचा आंकडा शून्यच असला पाहिजे. ‘एवढ्या अब्जावधींत एक चूक म्हणजे कांहीं नाहीं’ असा युक्तिवाद घरांतील तरुण मंडळी करतील, तो मान्य करूं नये. एका रात्रींत एक चूक म्हणजे वर्षांत किती, हें त्यांनाच गणित घालावें. ही पारख होईपर्यंत त्या संगणकावर महत्त्वाचें काम करूं नये, आणि वेग बदलण्यापूर्वीं फोटो व कागदपत्रें दुसऱ्या डिस्कवर उतरून ठेवावीं. मार्गशीर्षांत परीक्षा उतरलेली जोडी वैशाखांत पुन्हां एकदां तपासणें बरें. कारण उष्णतेनें घट अधिक गळतात.

चूक आढळली तर काय करावें? प्रथम बायॉसची नवी आवृत्ति घेऊन पाहावी. तरी चुका राहिल्या तर त्याच प्रोफाइलवर वेग एक पायरी उतरावा. ६००० चे ५६०० करावे आणि पुन्हां रात्रभर परीक्षा घ्यावी. जोडी नवी असेल, मदरबोर्डाच्या यादींत असेल, आणि तरीही छापील वेगास चुकत असेल, तर मुदतींत दुकानदाराकडे नेऊन बदलून मागावी. परीक्षेच्या पडद्याचा फोटो सोबत असला म्हणजे वाद वाढत नाहीं. जुन्या दोन पट्ट्यांत नव्या दोन मिळविल्या असतील तर मात्र हा आग्रह धरूं नये. एकाच नांवाच्या पट्ट्यांतही आंतील चिपा निराळ्या असूं शकतात. शिवाय चार पट्ट्यांचा भार दोहोंहून अधिक. सर्वांची चाल सर्वांत मंद पट्टीच्या चालीनें ठरते. म्हणून जेवढी रॅम लागेल तेवढी एकाच वेष्टनांतील जोडी घेणें, हेंच शहाणपणाचें.

आतां एवढा खटाटोप करून मिळतें काय, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पत्रें टाइप करणें, बँकेचे व्यवहार, चित्रपट पाहणें, यांत फरक जाणवणारही नाहीं. जेथें निराळें ग्राफिक्स कार्ड नसून चित्रें काढण्याचें काम प्रोसेसरच करितो, तेथें फरक विशेष दिसतो. कारण तेथें चित्रांसही याच रॅमवर अवलंबून राहावें लागतें. कांहीं खेळ, मोठ्या फाइली आवळून लहान करणें, शास्त्रीय गणितें यांतही लाभ आहे. लॅपटॉपविषयीं पुष्कळ विचारणा होते. त्यांपैकीं बहुतेकांत हें सेटिंगच नसतें, आणि पुष्कळांत रॅम मदरबोर्डास डाखलेली असते; तेथें कंपनीनें ठरविलेला वेगच खरा, आणि अधिक वेगाची पट्टी घेऊन पैसे दवडूं नयेत. सारांश, ज्या घरांत संगणक लिहिण्या-वाचण्यापुरता आहे, त्यांनीं महागड्या वेगाच्या मागें न लागतां साधी जोडी घ्यावी आणि निश्चिंत राहावें. ज्यांनीं वेगाचे पैसे दिले आहेत, त्यांनीं मात्र तो अवश्य मागून घ्यावा. दिलेल्या पैशांचा माल न उचलणें ही काटकसर नव्हे आणि सावधपणाही नव्हे.

अखेर एक गोष्ट घरांतील वडील मंडळींस. मुलें ६००० वर थांबत नाहींत. ६००० चाललें म्हणजे ६४०० कां नाहीं, असें त्यांचें कुतूहल पुढें धांवतें. त्या कुतूहलावर रागावूं नये; त्यांतूनच शास्त्रज्ञ होतात. पण छापील वेगापर्यंत निदान एका कंपनीचा शब्द आपल्या पाठीशीं असतो, त्यापुढें कोणाचाही नसतो. म्हणून त्यांस असें सांगावें कीं, प्रयोग करावयाचा तर जुन्या, रिकाम्या संगणकावर करावा. ज्यावर साऱ्या घराचें दप्तर आहे त्यावर करूं नये. आणि रात्रभराची परीक्षा लावण्याचें काम त्यांच्याकडेच सोंपवावें. पहांटे उठून सर्वांच्या आधीं पडद्यावरचें शून्य पाहण्यांत जें समाधान आहे, तें त्यांस एकदां चाखूं द्यावें. मग वेगाबरोबर खरेपणाही मोजण्याची संवय त्यांस आपोआप लागेल.